पत्रावळीवरचा हात

दवनीवाडा
१९ जानेवारी २०२५

बाबूजी,

वर 'तीर्थरूप' लिहिलेलं नाही, हे तुमच्या लगेच लक्षात येईल. लाल पेन खिशातच राहू द्या. शाळेतून रिटायर झालात, आता लेकीच्या पत्राला तरी मार्क देऊ नका. फोन तुम्ही उचलत नाही. उचललाच तर "हं, बरं, ठेवतो" एवढंच. म्हणून कागद घेऊन बसले. तिरोड्याला पोस्टमन अजून घरी येतो ना?

डिंपलचं भुपेंद्रशी जमवलंय, हे आत्याबाईंनी मला परवा लाखोरीच्या शेंगा सोलता सोलता सांगितलं. तुमची बहीण माझी सासू झाली. तिच्या थोरल्याला मी दिली गेले, आता धाकट्याला डिंपल. भावाच्या पोरीवर बहिणीचा पहिला हक्क, हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले. चंद्रकुमारबद्दल माझी तक्रार नाही. लहानपणी त्याला चिंचेच्या झाडावरून ढकललं होतं मी, तरी त्याने लग्न केलं.

पण साखरपुड्याबद्दल आत्याबाईंनी पुढे जे सांगितलं ते मला गिळवत नाही. "फलदानाले तू ये, पण पोट्ट्याले नको आणू, मोहनदादा म्हणे. बालाघाटकडचे पाहुणे येऊन राहिले." हे तुम्ही म्हणालात का बाबूजी? इंदू तुमचा एकुलता नातू आहे. चार वर्षांचा आहे, आणि माझ्याने आता उचलला जात नाही.

त्याच्या बारशाला तुम्ही चांदीचे वाळे घातले होते. दात यायच्या आत ते मनगटात रुतले आणि सोनाराला कापून काढावे लागले. तेव्हा आपण सगळे हसलो होतो. आजोळचं दूधतूप मानवलं म्हणून तुम्ही मिशीतल्या मिशीत खूश होता. अंगावर पिताना त्याने कधी तोंड फिरवलं नाही. मी थकायचे, तो थकायचा नाही. बाळं पोट भरलं की तोंड फिरवतात, हे मला पहिलटकरणीला कोण सांगणार? आई असती तर तिने सांगितलं असतं.

आता आमच्या घरात धानाच्या कोठीला कुलूप आहे, फ्रीजला साखळी आहे, आणि चाव्या माझ्या कमरेला. मागच्या आठवड्यात इंदू गोठ्यात सापडला. गाईच्या टोपल्यातली भिजवलेली सरकीची ढेप खात होता.

"काऊन खाल्लं रे?"

"भूक लागली."

"आत्ताच तर जेवला ना तू!"

"मंग अजून लागली."

खोटं बोलत नाही तो. त्याचे डोळे पाहिले की कळतं. गाव म्हणतं, मी कोंबून कोंबून खाऊ घालते. त्यांना एक दिवस तरी हा पोरगा सांभाळायला द्यावा, मग कळेल.

नागपूरच्या डॉक्टरबाईंनी आमच्या तिघांचं रक्त घेतलं आहे, त्याचं आणि आम्हा दोघांचं. त्यांनी एक प्रश्न विचारला, तो तुम्हाला विचारते. आपल्या घरात पूर्वी असं कोणी मूल होतं का? असंच जाडजूड, असंच भुकेलं?

निकाल येईपर्यंत फलदान थांबवा. दुसरं काही मागत नाही.

चंचल


दवनीवाडा
२ मार्च २०२५

बाबूजी,

फलदान झालं. फोटो पाहिले. डिंपलला मोरपंखी साडी शोभते. तुम्ही एकाही फोटोत हसत नाही आहात. मी आले नाही, कारण जिथे माझं पोर चालत नाही तिथे मीही चालत नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तरही आलं नाही.

निकाल आला आहे. डॉक्टरबाईंनी मला जसं समजावलं, तसंच तुम्हाला सांगते. तुम्ही आम्हाला सातवीत विज्ञान शिकवायचात, तेव्हा समजून घ्याल.

आपल्या अंगातली चरबी नुसती पडून राहत नाही. ती रक्तातून मेंदूला निरोप धाडत असते, की साठा आहे, पुरे, आता थांब. त्या निरोपाचं नाव लेप्टिन. इंदूच्या अंगात तो निरोप तयारच होत नाही. त्याच्याकडे चरबी एवढी, पण मेंदूला तिचा पत्ताच नाही. मेंदूला वाटतं, हे लेकरू उपाशी मरतंय. म्हणून तो ओरडत राहतो, खा, खा, मिळेल ते खा. बाबूजी, गावातल्या सगळ्यात जाड पोराच्या डोक्यात जन्मापासून दुष्काळ चालू आहे. मी त्याला हावरट म्हणायचे. एकदा पाठीत धपाटाही घातला होता. हे ऐकल्यावर मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले.

याच्यामुळे अंगातली झुंजायची ताकदही कमी राहते. साधा सर्दीताप छातीत उतरतो. अशी मुलं खाण्याने कमी आणि तापाने जास्त जातात, असं बाई म्हणाल्या. हळू आवाजात म्हणाल्या, तरी मी ऐकलं. इंजेक्शन आहे, पण आपल्या बाजारात मिळत नाही. त्यांनी बाहेरच्या देशात लिहिलं आहे. वाट पाहायची.

आता तुमच्या कामाचं. निरोप बनवण्याची कृती प्रत्येकाला दोन मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक जरी धड असली तरी चालतं. माझी एक बिघडलेली आहे. चंद्रकुमारची एक बिघडलेली आहे. आम्हाला काही होत नाही, पण इंदूला दोन्हीकडून बिघडलेलीच मिळाली. आणि आम्हा दोघांना ती कुठून आली? मला तुमच्याकडून, त्याला आत्याबाईंकडून. तुम्हा दोघांना एकाच घरातून.

डिंपल माझी सख्खी बहीण, भुपेंद्र चंद्रकुमारचा सख्खा भाऊ. त्यांच्यातही ती असू शकते, नसूही शकते. दोघांचं थोडं थोडं रक्त तपासलं की कळेल. एकात जरी नसली तरी मी स्वतः वरातीत नाचेन. दोघांत असली, तर त्यांच्या प्रत्येक लेकराच्या डोक्यावर हीच टांगती तलवार.

मी हे आत्याबाईंना सांगितलं, तेव्हा त्या सुपातले तांदूळ पाखडत होत्या. थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "असल्या घरी बाहेरचा कोण पोरगी देईन? भाऊच देईन ना. अन तुह्या बहिणीले तरी बाहेर कोण करून राहिलं? इंदूची मावशी म्हणून लोक दारातूनच वापस जातेत."

यात खोटं काहीच नाही, हेच वाईट आहे. इंदूमुळे बाहेरची दारं बंद झाली, म्हणून आपण पुन्हा आतच लग्न लावतोय. ज्या विहिरीचं पाणी बाधलं, तिथेच दुसरी घागर घेऊन चाललो आहोत.

डिंपलला एक दिवस नागपूरला पाठवा. मी सोबत जाईन.

चंचल


दवनीवाडा
२३ मार्च २०२५

बाबूजी,

भुपेंद्रने रक्त दिलं. मी मागे लागले नव्हते, त्याचा तोच गेला. त्याच्यात आहे.

आता सगळं डिंपलवर आलं. तिला मी फोन केला. म्हणाली, "ताई, मी देतो ना रक्त, मले का सुईची भीती आहे? पण बाबूजी हो म्हणतीन तरच. त्याइचं मन नाही मोडवत माह्यानं." भुपेंद्रला विचारलं, तर तो म्हणतो, मामा म्हणतील ते. आत्याबाई म्हणतात, दादा म्हणेल ते. सगळ्यांनी तुमच्या एका शब्दाशी आपापली दोरी बांधून ठेवली आहे आणि तुम्ही तोंड उघडत नाही.

तुम्ही तोंड का उघडत नाही, ते मला काल समजलं.

इंदू अंगणात बसून आत्याबाईंच्या हातातल्या चुरमुऱ्यांच्या वाटीकडे पाहत होता. मागत नव्हता, नुसता पाहत होता. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि एकदम म्हणाल्या, "बकाराम असाच पाहे."

मी विचारलं, कोण बकाराम? मग त्या बोलल्या. तुमच्या दोघांच्या मधला भाऊ. मला माझ्या सख्ख्या काकाचं नाव या वयात कळलं. घरात त्याचा फोटो नाही, कोणी नाव घेत नाही, पितरांच्या पानातही त्याचा घास निघत नाही.

आत्याबाईंनी सांगितलं ते असं. सहा-सात वर्षांचा, अंगाने दोन पोरांएवढा. आजीने त्याला घरात ठेवून बाहेरून कडी लावावी. मग कोणाच्या तरी लग्नात तो सुटला आणि पंगतीत जाऊन बसला. तुम्ही बुंदी वाढत होता. आपल्याकडचा नियम तुम्हीच मला शिकवलात, पाहुण्याने पत्रावळीवर आडवा हात धरल्याशिवाय वाढणाऱ्याने पुढे सरकायचं नाही. बकारामने हात धरला नाही. लोक हसायला लागले. "वाढ रे मोहन, वाढ अजून! पाहू केवढं खाते!" माणसं जेवायची थांबून गोळा झाली. तुम्ही पोरगंच होतात, तुम्हालाही मजा आली असेल. तुम्ही वाढत राहिलात. त्यानंतरच्या थंडीत तो तापाने गेला. आजोबा तुम्हाला म्हणाले, "तूच त्याले चारून चारून मारला."

मग हे सगळं गप्प झालं. आणि पुढे मोहनलाल गुरुजी पंगतीत वाढण्यासाठी प्रसिद्ध झाले. लोक म्हणतात, गुरुजी वाढायला असले की कोणी अर्धपोटी उठत नाही. ते तुम्ही कशासाठी करत आलात, हे मला आजवर कळलं नव्हतं.

बाबूजी, ऐका. बुंदीने बकाराम गेला नाही. इंदूच्या अंगात जे आहे तेच त्याच्या अंगात असणार. म्हणूनच त्याने हात धरला नाही आणि म्हणूनच तो ताप त्याला झेपला नाही. तुमची त्यात काहीही चूक नव्हती. आजोबा चुकीचं बोलले. एका पोरावर केवढं ओझं टाकलं त्यांनी! हे वाचून तुम्हाला रडू आलं तर रडा. मलाही येतंय.

पण डोळे पुसल्यावर डिंपलला पाठवा. बकारामचं नाव घ्यायला नको म्हणून तिला यात ढकलू नका.

तुमचीच,
चंचल


गोंदिया
२६ एप्रिल २०२५

बाबूजी,

हे दवाखान्यातून लिहिते आहे. इंदूला ताप होता, तो छातीत गेला. नळी लावली होती, काल काढली. शुद्धीवर येऊन पहिला शब्द 'भात' म्हणाला. नर्सबाई हसल्या. मला हसता आलं नाही.

डिंपल हळदीच्या आधी गुपचूप येऊन गेली. तो झोपला होता आणि झोपेतही त्याचे ओठ हलत होते. ती बराच वेळ त्याचे पाय दाबत बसली. जाताना म्हणाली, "ताई, बाबूजी तुह्ये पत्रं वाचतेत. वाचून गादीखाली ठेवतेत. मंग जेवत नाही त्या दिवशी." म्हणजे पोचतात. बरं झालं, पोस्टाला उगीच शिव्या दिल्या.

अक्षय तृतीयेचा मुहूर्त तुम्ही बदलणार नाही, असं आत्याबाई सांगतात. आईच्या माघारी त्यांनी डिंपलला स्वतःच्या हाताने वाढवलं, त्यांना तुम्ही नाही म्हणू शकत नाही, हे मला कळतं. मी त्यांच्याच घरात राहते. त्या वाईट नाहीत. इंदूच्या उशाशी रात्री जागल्या आहेत. घाबरलेलं माणूस ओळखीच्या दाराकडेच पळतं, तसं झालंय त्यांचं.

डॉक्टर इंदूला दोन-तीन दिवसांत सोडतील. आणि मी त्याला घेऊन लग्नाला येणार आहे. कोणी नको म्हटलं तरी येणार आहे. त्याला पहिल्या पंगतीत बसवणार आहे, पाहुण्यांच्या समोर. तुम्ही वाढायला असालच. माझ्या पोराच्या पानापाशी या आणि नियमाप्रमाणे त्याने हात धरेपर्यंत वाढा. मग मांडवात सगळे पाहतील की तो हात धरत नाही. तेव्हा कोणीतरी विचारेल, हे काय आहे? तुम्ही सांगा. बकारामचं नाव घेऊन सांगा.

ही धमकी वाटली तर धमकी समजा. मला दुसरा रस्ता ठेवला नाही तुम्ही.

चंचल


दवनीवाडा
४ मे २०२५

बाबूजी,

तुम्ही तिथेच होतात. पण तुम्ही मान वर केली नाहीत, म्हणून तुम्हाला काय दिसलं नाही ते लिहिते.

तुम्ही बुंदीची बादली घेऊन आलात, तेव्हा इंदूने तुम्हाला ओळखलं. "नानाजी," म्हणाला आणि दोन्ही हात पुढे केले. तुम्ही वाढलंत. त्याने खाल्लं. तुम्ही पुन्हा वाढलंत. पलीकडच्या ओळीतला कोणी तरी म्हणालाच, "वाढा गुरुजी, वाढा! पोट्टा मोठा झोकात खाऊन राहिला!" मग तीन-चार जण हसले. एकाने मोबाईल काढला.

तुमचा हात थांबला. बादली तुम्ही खाली ठेवलीत, उकिडवे बसलात आणि इंदूच्या पत्रावळीवर स्वतःचा हात आडवा धरलात. "पुरे," म्हणालात. एवढ्या हळू म्हणालात की मलाच ऐकू आलं. तुमच्या मनगटावर पाणी पडलं, ते घामाचं नव्हतं.

त्या क्षणी मला वाटलं, आता बोलतील. चंद्रकुमार उभा राहिला होता. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला होता. तिकडे मांडवात डिंपल खुर्चीवरून वाकून इकडेच पाहत होती. बाबूजी, ती वाट पाहत होती. तिचं तोंड उघडं होतं.

इंदू तुमच्या बोटांच्या फटीतून बुंदी वेचून खात होता. तुम्ही हात काढला नाहीत आणि तोंडही उघडलं नाहीत. मग बँडवाल्यांनी सुरुवात केली, कोणी तरी तुम्हाला "मुहूर्त टळून राहिला गुरुजी" म्हणून दंडाला धरून उठवलं, आणि तुम्ही गेलात. डिंपलचे फेरे मी उभी राहून पाहिले. अक्षता टाकल्या. बहीण आहे, न टाकून कसं चालेल?

तुमच्यावर रागावण्याची माझ्यात आता ताकद नाही. एवढ्या वर्षांनी तुम्ही एका पानावर हात धरलात, तेही कमी नाही. पण जिथे धरायला हवा होता, ते पान इंदूचं नव्हतं, डिंपलचं होतं.

चंचल


दवनीवाडा
१४ सप्टेंबर २०२५

बाबूजी,

डिंपलला दिवस गेलेत, हे तुम्हाला कळलंच असेल. आत्याबाईंनी फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही नुसतं "हं" म्हणालात म्हणे.

आता तिने रक्त दिलं. तुम्हाला न विचारता दिलं, नवऱ्यासोबत जाऊन. तिच्यातही आहे.

डॉक्टरबाई म्हणाल्या, चारातल्या तीन वाटा चांगल्या आहेत. डिंपलने ते धरून ठेवलंय, दिवसातून कितीदा तरी म्हणते, "तीन वाटा आहेत ना ताई." चौथीचं नाव काढत नाही. पोटातलं पाणी काढून आधीच तपासता येतं, पण ती नको म्हणाली. भुपेंद्र तिच्याशी आता धड बोलत नाही आणि तिच्यावाचून राहतही नाही. कुलपं पाहिली की ती नजर वळवते. काल माझ्या कमरेच्या चाव्यांना हात लावून विचारलं, "ताई, याचा आवाज रात्री पण होते का गं?"

इंदूचं इंजेक्शन अजून आलेलं नाही. बाई म्हणतात, येईल. तो आता चार पावलं चालला की धापतो आणि खाली बसतो. परवापासून पुन्हा अंग कोमट लागतंय. मी थर्मामीटर लावते आणि आकडा कोणाला सांगत नाही. तुमच्या हाताची आठवण काढतो तो, "नानाजीनं माह्या पानावर हात ठेवला होता" म्हणून. का ठेवला, ते त्याला कळलेलं नाही. त्याला वाटतं, खेळ होता.

आत्याबाई सांगतात, तुम्ही तिरोड्याच्या सोनाराकडे नवे वाळे टाकलेत. ते नको म्हणून सांगा, बाबूजी. बाळाच्या मनगटात काही घालू नका.

बाळ थंडीत होईल. तेव्हा तुम्ही या, आणि या वेळी फोनवर "हं" करू नका. ओसरीवर खुर्ची टाकून ठेवते. नाळेचं रक्त नागपूरला जाईल, निकालाला वेळ लागेल. पण मला निकालाची गरज पडणार नाही. डिंपल आत बाळाला पहिल्यांदा पोटभर पाजेल, तेव्हा मी तिच्याजवळ बसेन. बाळाने पिऊन तोंड फिरवलं, तर बाहेर येऊन तुम्हाला सांगेन.

मी बाहेर आले नाही, तर तुम्ही समजून घ्या. तुम्हाला सांगावं लागणार नाही.

तुमची लेक,
चंचल